घरात एक जण पॉझिटिव्ह: वन बीएचकेतल्या दिवसाचा क्रम

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरी नवरा कोरोना पॉझिटिव्ह आला तेव्हा नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या वन बीएचकेत आम्ही पाच जण होतो: तो, मी, सासूबाई आणि दोन मुलं. त्यानंतर ओळखीच्या आठ-दहा घरांतून फोन आले. प्रत्येक घरात तेच पाहिलं. लोक दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायचे, दाराच्या कड्या दिवसातून सहा वेळा पुसायचे आणि डास येतात म्हणून खिडक्या बंद ठेवायचे. हा आजार मुख्यतः श्वासावाटे हवेत सुटणाऱ्या बारीक कणांतून पसरतो. म्हणून हवेचं आधी बघायचं, पुसण्याचं नंतर. खाली सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. क्रम मोडू नका, कारण पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

घरी राहायचं की नाही हा निर्णय डॉक्टरांचा. श्वास लागत नसेल आणि रक्तातला ऑक्सिजन (बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर) ९४ टक्क्यांच्या वर असेल तरच घरी. वय साठच्या पुढे असेल, मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांनी तपासून स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय हा लेख तुमच्या कामाचा नाही.

पायरी १: खोली आणि माणूस ठरवा

बेडरूम आजारी माणसाला द्या, बाकीचे हॉलमध्ये. "आईला हॉलमध्ये जमिनीवर झोपवणार का?" असा प्रश्न आमच्याकडेही आला. सासूबाईंना दिवाण दिला, आम्ही गादीवर झोपलो.

वन रूम किचनमध्ये पाच माणसं आणि त्यांत एक म्हातारं माणूस असेल तर मला स्पष्ट सांगू द्या: घरी वेगळं राहणं तिथे जमत नाही. पडदा लावून हवा अडत नाही. तेव्हा अशा वेळी महापालिकेच्या विलगीकरण केंद्रात जाणं बरं असायचं. नवी मुंबईत वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये २०२१ मध्ये ही सोय होती. आता काय सोय आहे ते आपल्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्रात विचारा. त्यात कमीपणा काही नाही.

काळजी घेणारा एकच माणूस ठरवा. तो शक्यतो तरुण असावा, मधुमेह नसलेला. "आज मी, उद्या तू" केलं की दोघंही संपर्कात येतात.

तपासा: आजारी माणसाच्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का? डक्टमध्ये उघडणारी झडप खिडकी म्हणून धरू नका. तिथून हवा वरच्या मजल्यावर जाते.

पायरी २: उदबत्तीने हवेची दिशा बघा

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

"खिडक्या उघड्या ठेवा" हे सगळ्यांनी ऐकलंय. कोणती खिडकी, कधी, हे कुणी सांगत नाही. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी या पट्ट्यात खाडी पश्चिमेला आणि डोंगर पूर्वेला. उन्हाळ्यात दुपारी वारा खाडीकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. आमच्या बेडरूमची खिडकी पश्चिमेलाच. पहिले दोन दिवस ती आणि हॉलची खिडकी सताड उघडी ठेवून आम्ही निश्चिंत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी बेडरूमच्या दाराखाली उदबत्ती धरली तर धूर सरळ हॉलमध्ये, सासूबाईंच्या दिवाणाकडे. खाडीचा वारा खोलीतली हवा आमच्याकडे ढकलत होता. पाचव्या दिवशी धाकट्याला ताप आला. त्याला नक्की कशामुळे लागण झाली ते सांगता येणार नाही, पण धूर कुठे जात होता ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

चाचणी अशी करा. खोलीचं दार बंद करा. हॉलच्या बाजूने, दाराच्या खालच्या फटीशी पेटती उदबत्ती धरा. धूर फटीतून आत ओढला गेला पाहिजे. तो तुमच्याकडे येत असेल तर हवा उलटी आहे. सकाळी, दुपारी तीनच्या सुमारास आणि रात्री, अशी तीनदा बघा, कारण वारा बदलतो. बघून झालं की उदबत्ती विझवा. खोकणाऱ्याच्या घरात धूर नको.

हवा उलटी असेल तर या क्रमाने करा:

१. टेबल फॅन आजारी माणसाच्या खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवा. ग्रीलला सुतळीने घट्ट बांधा. उरलेल्या फटीवर पुठ्ठा लावा. आता हॉलची खिडकी उघडी ठेवून पुन्हा उदबत्ती धरा.

२. दुपारचा वारा जोराचा असेल तर पंखा पुरणार नाही. तेवढे तास दाराखालची फट ओल्या टॉवेलने बंद करा. खोलीची खिडकी मात्र उघडीच राहू द्या.

३. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावण्याआधी हॉलची किंवा स्वयंपाकघराची खिडकी उघडा. सगळं बंद ठेवून एक्झॉस्ट लावला की तो जिथून मिळेल तिथून हवा ओढतो, आणि सगळ्यात जवळची फट बहुधा आजारी माणसाच्या दाराची असते. ही चूक मी तीन घरांत पाहिली.

डासांसाठी खिडकीला जाळी लावा किंवा मच्छरदाणी बांधा, पण खिडकी बंद करू नका. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. उकाड्याने जीव नकोसा झाला तर खोलीत एसी लावा, पण खिडकी चार बोटं उघडी ठेवून.

सावध: पंख्याची वायर ओल्या टॉवेलवरून नेऊ नका.

पायरी ३: आत जाण्याआधी खोली भरून घ्या

खोलीत एकदा माणूस गेला की "चार्जर राहिला", "टॉवेल राहिला" म्हणून दिवसातून दहा वेळा दार उघडतं. म्हणून आधी यादी: पाण्याचा मोठा जग, इलेक्ट्रिक किटली, ताट-वाटी-पेला आणि चमचा, दोन चादरी, चार जोड कपडे, तीन टॉवेल, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, जास्तीचे सेल, गोळ्या, मास्क, झाकणाचा डबा, कचऱ्याच्या पिशव्या, फोन-चार्जर, चष्मा, वही-पेन. कपाटात बाकीच्यांचे कपडे असतील तर ते आधीच हॉलमध्ये आणा. हे सगळे विसरतात, आणि दुसऱ्याच दिवशी मुलाची चड्डी काढायला कोणीतरी आत जातं.

दाराबाहेर एक स्टूल ठेवा. ते या घराचं पोस्ट ऑफिस.

पायरी ४: एकच संडास-बाथरूम असेल तर

वन बीएचकेतली खरी अडचण ही आहे. खोली वेगळी करता येते, बाथरूम करता येत नाही. म्हणून ते वेळेने वेगळं करायचं.

सकाळी आधी घरातल्या निरोगी माणसांचं सगळं उरकून घ्या: संडास, दात घासणं, अंघोळ, पाणी भरणं. आजारी माणसाची पाळी शेवटी. तुमच्याकडे पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर त्याच्यासाठी दोन बादल्या झाकून बाजूला काढा, नाहीतर त्याची पाळी येईपर्यंत नळ गेलेला असतो आणि उद्यापासून तो सगळ्यांत आधी घुसतो. क्रम तिथेच मोडतो.

बाकीच्यांचे ब्रश, पेस्ट, कंगवा, टॉवेल बाथरूममधून आधीच बाहेर काढा. मोरीच्या फळीवर सगळ्यांचे ब्रश एकाच पेल्यात, हे चित्र मी बहुतेक घरांत पाहिलं.

आजारी माणूस खोलीबाहेर पडण्याआधी हाक देईल. बाकीच्यांनी मास्क लावून हॉलच्या खिडकीकडे किंवा गॅलरीत जायचं. तो मास्क लावूनच बाहेर येईल. कमोड असेल तर झाकण पाडून मगच फ्लश. बाहेर पडताना एक्झॉस्ट चालू, झडपा उघड्या, दार बंद. पुढचा अर्धा तास कोणी आत जायचं नाही. अर्ध्या तासाने काळजी घेणाऱ्याने मास्क लावून नळ, फ्लशचं बटण, कडी, दिव्याचं बटण आणि मग साबणाच्या पाण्याने जमीन पुसायची. बटणावर पाणी टाकू नका, नीट पिळलेलं फडकं वापरा.

अर्ध्या तासाचा हिशेब कोणाच्याच लक्षात राहत नाही. आम्ही बाथरूमच्या कडीला लाल रुमाल बांधायला लागलो. रुमाल आहे म्हणजे जायचं नाही. सात वर्षांच्या मुलालाही ते कळलं. रात्री लघवीसाठी उठावं लागत असेल तर खोलीत झाकणाची बादली ठेवा, सगळा वेळापत्रकाचा ताण कमी होतो.

सावध: ब्लीचिंग पावडरचं पाणी आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीच एकत्र करू नका, एकामागोमाग एकही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि घरात आधीच एका माणसाची छाती नाजूक आहे.

पायरी ५: ताट देणं-घेणं

ताट स्टुलावर ठेवा, दारावर टकटक करा, चार पावलं मागे जा. मग त्याने मास्क लावून दार उघडावं. दोघांनी एकाच वेळी दारात उभं राहून "भात पुरेल ना?" असं बोलायचं नाही. ते फोनवर विचारा. कागदी पत्रावळींची गरज नाही. त्याचं स्टीलचं ताट खोलीतच राहू द्या. त्याला उभं राहवत असेल तर त्यानेच बाथरूमच्या पाळीत घासावं. नाहीतर काळजी घेणाऱ्याने मास्क लावून नेहमीच्या साबणाने घासावं. साबणाने हा विषाणू मरतो.

आत जावंच लागलं तर दोघांनीही एन-९५ लावायचा. मास्क ओला किंवा मळका झाला तर लगेच बदला, एरवी आठ तासांपेक्षा जास्त वापरू नका. बाहेर आल्यावर आधी हात धुवा, मग मास्क काढा, मग पुन्हा हात. बरेच जण मास्क काढून मगच हात धुतात.

सावध: हाताला सॅनिटायझर लावून लगेच गॅस पेटवू नका. स्वयंपाकघरात साबणच बरा.

पायरी ६: मोजणी आणि दारावरचा कागद

दाराला आतून एक कागद चिकटवा. रकाने: तारीख, लक्षणांचा कितवा दिवस, वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपताना, असं चारदा. प्रत्येक वेळी फोटो काढून काळजी घेणाऱ्याला पाठवायचा.

"कितवा दिवस" इथे सगळे चुकतात. दिवस रिपोर्टच्या तारखेपासून मोजतात. मोजायचं लक्षण सुरू झालं त्या दिवसापासून. घसा सोमवारी दुखला आणि रिपोर्ट शुक्रवारी आला तर शुक्रवारी पहिला दिवस नाही. लक्षणं नसतील तरच नमुना दिला ती तारीख धरा. हे महत्त्वाचं अशासाठी की साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात काहींची तब्येत अचानक घसरते, आणि नेमकं तेव्हाच ताप उतरल्यामुळे घर निर्धास्त होऊन मोजणी सोडून देतं.

ऑक्सिमीटर असा लावा: पाच मिनिटं शांत बसा. नखावर मेंदी किंवा नेलपेंट नको. हात गार असतील तर चोळून गरम करा. तर्जनी किंवा मधलं बोट पूर्ण आत घाला, हात मांडीवर स्थिर ठेवा. आकडा एक मिनिट तरी स्थिरावू द्या. लावल्या लावल्या दिसणारा आकडा लिहू नका.

दोन गोंधळ नेहमी होतात. एक, ऑक्सिजन आणि नाडीच्या आकड्यांची अदलाबदल. नाडीच्या जागी नाडीचं किंवा हृदयाचं चिन्ह असतं ते बघा. दुसरा, यंत्र उलटं धरून वाचणं. पडद्यावरचे इंग्रजी आकडे उलटे धरले की ९८ चं ८६ दिसतं. आमच्याकडे रात्री अकराला सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर "श्याऐंशी" वाचलं आणि मी शेजाऱ्यांना गाडी काढायला लावली होती.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी सकाळ-संध्याकाळ करा, खोलीतल्या खोलीत, नेहमीच्या चालीने. आधी आणि नंतर ऑक्सिजन मोजा. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं पुरे. चालल्यावर आकडा तीन किंवा जास्तने घसरला, ९४ च्या खाली गेला किंवा दम लागला तर डॉक्टरांना लगेच कळवा. आधीच ९४ च्या खाली असेल, धाप लागत असेल किंवा दमा असेल तर ही चाचणी करू नका.

तपासा: आकडा कमी आला तर दुसऱ्या बोटावर, मग घरातल्या निरोगी माणसाच्या बोटावर लावून बघा. त्याचं ९८ आणि आजारी माणसाचं ९१ आलं तर यंत्राला दोष देत बसू नका.

वाट न बघता मदत मागायच्या खुणा: ऑक्सिजन ९४ च्या खाली, श्वास घ्यायला त्रास, छातीत सतत दुखणं किंवा दाब, गोंधळून बोलणं, हाक मारून नीट जागं न होणं. रुग्णवाहिकेसाठी १०८. डॉक्टरांचा नंबर आजच मोठ्या अक्षरात हॉलच्या भिंतीवर लावा.

मदत येईपर्यंत पालथं झोपवा: मानेखाली, छातीखाली आणि पायांखाली उशा, पोटावर दाब नको. जेवल्यावर तासभर नाही. गरोदर बाई, हृदयाचा मोठा आजार, मणक्याची किंवा मांडीच्या हाडाची मोडतोड असलेल्यांनी हे करू नये. पालथं झोपून आकडा वाढला म्हणून रुग्णवाहिका परत पाठवू नका.

पायरी ७: औषधं, आणि जे करायचं नाही ते

तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. मोठ्या माणसाला ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेऊनही ताप हटत नसेल तर डॉक्टरांना फोन करा, पाचवी गोळी नको.

शेजारच्या घरातली चिठ्ठी बघून स्टेरॉइड सुरू करू नका. हे मी हात जोडून सांगते. सौम्य आजारात सुरुवातीलाच स्टेरॉइड घेतल्याने नुकसान होतं, मधुमेह असेल तर साखर भडकते. रेमडेसिविरचं इंजेक्शन घरी द्यायचं औषध नाही, तेव्हा लोकांनी लावल्या तशा त्यासाठी रांगा लावू नका. कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगून रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही, आणि कापूर लहान मुलाच्या तोंडात गेला तर विषारी असतो.

वाफ घ्यायचीच तर खोलीत, दार बंद करून, किटलीपासून लांब बसून. उकळतं पातेलं मांडीवर घेऊन टॉवेलखाली बसू नका, भाजल्याचं दुखणं वेगळं निस्तरावं लागतं.

पायरी ८: बाहेरचं सामान, कपडे, कचरा

घरात एक पॉझिटिव्ह म्हणजे सगळं घर संपर्कातलं. २०२१ च्या त्या एप्रिलमध्ये किराणा सकाळी ७ ते ११ च मिळायचा म्हणून "पटकन खाली जाऊन येते" हा मोह व्हायचा. जाऊ नका. शेजाऱ्याला किंवा दुकानदाराला फोनवर यादी द्या, पैसे मोबाइलवरून पाठवा, पिशवी दाराच्या कडीला लटकवायला सांगा. तो जिना उतरल्यावर दार उघडा. भाजी वाहत्या पाण्याने धुतली की झालं. साबण किंवा सॅनिटायझर भाजीला लावायचा नाही, तो पोटात जातो.

कपडे न झटकता बादलीत टाका, नेहमीच्या पावडरने धुवा, उन्हात वाळवा.

खोलीतला कचरा खोलीतच पिशवीत बांधून ठेवा. वापरलेले मास्क कापून कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवा, मग सुक्या कचऱ्यात. न कापलेला मास्क कचरा वेचणाऱ्या बाईंच्या हाताला लागतो. त्यांना आपल्या घरातल्या आजाराची कल्पनाही नसते. सोसायटीत आजारी माणसाच्या कचऱ्याची पिवळी पिशवी वेगळी नेत असतील तर तीच पद्धत पाळा.

पायरी ९: झोपण्याआधी बॅग भरा

पहिल्याच रात्री, तब्येत चांगली असताना. रिपोर्ट, आधारची प्रत, चालू औषधांची यादी आणि डोस, चार्जर, चष्मा, कवळी असेल तर तिची डबी, एक जोड कपडे, दारावरच्या कागदाचा ताजा फोटो. दोघांनी फोन आवाज चालू ठेवून उशाशी घ्यावेत. सकाळी मोजणीच्या वेळी मेसेज आला नाही तर काळजी घेणाऱ्याने उठून दार वाजवायचं, "झोपला असेल" म्हणून सोडायचं नाही.

पायरी १०: खोलीतून बाहेर

२०२१ चा नियम असा होता: लक्षणं सुरू होऊन किमान दहा दिवस झालेले आणि शेवटचे तीन दिवस गोळी न घेताही ताप नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून बाहेर. पुन्हा टेस्टची गरज नसायची. काही सोसायट्या तेव्हा निगेटिव्ह रिपोर्ट मागायच्या. त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायची.

त्या दिवशी आधी खिडकी-दार उघडून खोलीत वारा खेळू द्या, मग चादरी काढा, मग पुसा. बाकीच्यांचे विलगीकरणाचे दिवस आजारी माणसाबरोबर संपत नाहीत. प्रत्येकाचे वेगळे मोजा, आणि त्यात कोणाला लक्षण आलं तर कागद नव्याने सुरू करा. आमच्या धाकट्याचा कागद बापाच्या कागदाशेजारीच होता.

बरं झालेल्या माणसाला जिना चढताना काही आठवडे थकवा येईल, तोवर दिवसातून एकदा ऑक्सिजन मोजत राहा. मग ऑक्सिमीटर शेजारी कोणाला द्यायचा असेल तर सेल काढा, बोट जातं तो आतला भाग कापसावर थोडं स्पिरिट घेऊन पुसा, आणि देताना ९८-८६ चं तेवढं सांगा.